नोकरी सोडून गावी जाताना

"डॉक्टर, नोकरी सोडतो आणि गावी जातो. मुरबाडकडे घर आहे, थोडी जमीन आहे. तब्येत सुधारेल ना?" हा प्रश्न अलीकडे मला वारंवार ऐकावा लागतो. विचारणारे बहुधा पंचेचाळिशी ओलांडलेले आणि डोंबिवली-कल्याणहून रोज मुंबई गाठणारे. २०२० च्या टाळेबंदीत लोकल बंद होत्या, तेव्हा अनेकांनी कित्येक वर्षांनी घरी गरम जेवण घेतले. ती चव काही केल्या जात नाही.

त्यांचे चुकते असे मी म्हणणार नाही. डोंबिवलीहून बोरीबंदरला जलद गाडीनेही तासभर लागतो. घर ते स्टेशन आणि स्टेशन ते ऑफिस धरले, तर जाऊन-येऊन तीन तास कुठे गेले कळत नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याच्या वळणावर दारातले प्रवासी पडून दगावले. तेव्हापासून घरच्यांचाही जीव टांगणीला लागलेला असतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त आढळला. हे झाले कामाचे तास. आपल्याकडचा प्रवास वेगळाच!

तरीही माझे स्पष्ट मत असे, की नुसती नोकरी सोडल्याने रक्तदाब उतरत नाही. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्ती योजना आणली आणि सुमारे एक लाख कर्मचाऱ्यांनी ती घेतली. त्यात आमच्या डोंबिवलीचेही बरेच होते. ज्यांनी हाताला काही काम लावून घेतले, ते तरतरीत राहिले. जे वर्तमानपत्र आणि टीव्हीपुढे बसले, त्यांची वजने वाढली, साखर वाढली. पुलाचे जिने आणि स्टेशनपर्यंतची पायपीट हाच त्यांचा व्यायाम होता, तो एका दिवसात थांबला. (लोकलने केलेला हा एकमेव उपकार!) आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालणे गावातही चुकत नाही.

आता जरा व्यवहाराचे. कंपनीचा आरोग्य विमा राजीनाम्याबरोबर संपतो. स्वतःचा विमा घेताना मधुमेह, रक्तदाब असे आधीपासूनचे आजार असतील, तर त्यांच्यासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. एप्रिल २०२४ च्या नियमांनी ही मुदत चारवरून तीन वर्षांवर आणली, एवढाच दिलासा. म्हणून राजीनाम्याच्या बऱ्याच आधी स्वतःची पॉलिसी सुरू करावी. दुसरे म्हणजे, पक्षाघातात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. ते देणारे रुग्णालय गावापासून किती दूर आहे, रात्री गाडी कोण काढेल, हे आधी विचारून ठेवा. चुलीवरची भाकरी आणि मोकळी हवा सगळ्यांना आठवते, हे कुणाला आठवत नाही.

आणि वहिनींना विचारलेत का? साहेब गावच्या पडवीत विश्रांती घेणार आणि वहिनी सासू-सासऱ्यांचे पथ्य, पाहुणेरावळे, पाणी भरणे यांत अडकणार, असेच अनेक घरांत घडते. मग सहा महिन्यांनी कंबर धरून त्याच माझ्याकडे येतात. त्यांची स्वतःची नोकरी सुटली असेल, तर झोपही उडालेली असते. साध्या राहणीचा भार एकट्या बाईवर पडत असेल, तर त्या साधेपणाला मी आरोग्य म्हणणार नाही.

माझ्या मते आधी प्रवास सोडावा, गाव नंतर. पगार कमी मिळाला तरी चालेल, पण ठाण्याच्या अलीकडे काम मिळते का ते पाहावे. गावीच जायचे असेल, तर आधी एक अख्खा पावसाळा तिथे राहून बघावे. उन्हाळ्याच्या सुट्टीतले गाव वेगळे असते. माझ्याकडचे एक गृहस्थ फोर्टातली नोकरी सोडून कल्याणातच एका दुकानाचे हिशेब लिहू लागले. पगार जवळपास निम्मा झाला. संध्याकाळी सातला घरी येतात, काळ्या तलावाला चार चकरा मारतात. मुलीची गणिताची शिकवणी त्यांनी बंद केली, आता गणित तेच शिकवतात.