टायग्रिसवरचा कप्तान आणि पुण्याची डिव्हिजन

पहिल्या महायुद्धातल्या आरमाराचा विषय निघाला की जटलंडच्या अजस्र युद्धनौका आठवतात. कॅप्टन विल्फ्रिड नन मात्र लढले ते नदीत. टायग्रिसच्या गढूळ पाण्यात बोट कुठे गाळात रुतेल याचा भरवसा नसे. त्यांच्या छोट्या गनबोटींच्या आधाराने मेसोपोटेमियात पुढे सरकत होती हिंदी सैन्याची सहावी पुणे डिव्हिजन, आणि तिच्यात १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी होत्या. त्यामुळे नन यांची कारकीर्द महाराष्ट्रातही नीट वाचली जायला हवी.

३१ मे १९१५. कुर्नाभोवती पुराचं पाणी पसरलेलं. पायदळ ‘बेलम’ नावाच्या होड्यांतून वल्ही मारत तुर्की ठाण्यांवर चालून गेलं. तुर्क पळाले, नन पाठीवर. त्यांची ‘एस्पिगल’ पुढच्या उथळ पाण्यात चालेना, तेव्हा ते आणि डिव्हिजनचे सेनापती जनरल टाउनशेंड ‘कॉमेट’ या लहान बोटीवर चढले. ३ जूनला मूठभर माणसांनी अमारा शहर घेतलं. मोठी फौज मागून येते आहे, अशी तिथल्या तुर्की शिबंदीची समजूत झाली होती.

या झटपट यशानेच घात केला. बोटी थोड्या, नदी लांब, तरी वरिष्ठांना बगदाद खुणावू लागलं.

२८ सप्टेंबरला कुतच्या अलीकडे तुर्कांनी होड्या तारदोरांनी बांधून नदी अडवली होती. ‘कॉमेट’चे कप्तान एडगर कुकसन यांनी तोफा डागून पाहिल्या, बोटीची धडक देऊन पाहिली. अडथळा हलेना. मग ते स्वतः कुऱ्हाड घेऊन होडीवर उतरले, दोर तोडायला. किनाऱ्यावरून गोळ्या सुटत होत्या. काही क्षणांत ते कोसळले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. या शौर्याला सलाम करावाच, पण कप्तानाला कुऱ्हाड उचलावी लागते तेव्हा मोहिमेची तयारी किती तोकडी होती, हेही बोलायला हवं.

नोव्हेंबरात बगदादजवळच्या टेसिफोनहून सैन्य मागे फिरलं. १ डिसेंबरला ‘फायरफ्लाय’ या गनबोटीच्या बॉयलरवर गोळा बसला, तिच्या मदतीला गेलेली ‘कॉमेट’ गाळात रुतली, आणि नन यांना दोन्ही सोडून द्याव्या लागल्या. मागे फिरलेलं सैन्य कुतमध्ये वेढलं गेलं, आणि हा वेढा २९ एप्रिल १९१६ ला शरणागतीने संपला. सुमारे १३ हजार सैनिक कैदेत गेले, त्यांत मराठा पलटणीही होत्या. नदीतल्या वाहतुकीची हेळसांड हे या अनर्थाचं मोठं कारण, असा ठपका पुढे १९१७ च्या चौकशी आयोगाने ठेवलाच.

फेब्रुवारी १९१७ मध्ये नन पुन्हा त्याच नदीवर होते. या खेपेला ‘टॅरँटुला’, ‘मँटिस’, ‘मॉथ’ अशा दमदार गनबोटी हाताशी होत्या. २६ तारखेला, नदीच्या एका वळणावर तुर्की तोफांचा मारा अगदी जवळून झेलत त्या पुढे घुसल्या आणि ‘फायरफ्लाय’ परत मिळवली. ११ मार्चला बगदाद पडलं. हाच बोटींचा ताफा १९१५ मध्ये मागून घ्यायचा आणि तो येईपर्यंत अमाऱ्यातच थांबायचं, एवढा संयम वरिष्ठांना दाखवता आला असता. नन यांच्या खलाशांनी आणि मराठा जवानांनी आपला वाटा पुरेपूर उचलला होता.