विश्वासाचे घर

मुलांनो, आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे धानाची कापणी आटोपली की झाडीपट्टीची नाटके रात्रभर रंगतात. घरी परतताना प्रेक्षक पात्रांचा न्यायनिवाडा करतात. चित्रपटांचेही तसेच. वि. वा. शिरवाडकरांच्या १९७० सालच्या नाटकावरून २०१६ साली ‘नटसम्राट’ हा चित्रपट निघाला. त्यात लेकीच्या घरी वृद्ध पित्यावर चोरीचा आळ येतो. कोणी लेकीला कृतघ्न म्हणतात. कोणी म्हणतात, सर्वस्व आधीच वाटून टाकणारा बाप चुकला.

मला दोन्ही मते अपुरी वाटतात. लेक दुष्ट नव्हती. आईवडिलांना तिने आपल्या घरी आसरा दिला होता. तेथे प्रेम होते, विश्वास उणा पडला. हरवलेला पैसा अवश्य शोधावा. परंतु ज्या हातांनी आपल्याला घास भरविला, त्यांच्यावर प्रथम संशय घेऊ नये. पैसा पुन्हा सापडतो. दुखावलेले मन सहसा सांधत नाही.