चपराकीनंतरचा प्रश्न

बीड जिल्ह्यात बोलणाऱ्याला मान आहे. मुकुंदराज आणि दासोपंतांची अंबाजोगाई इथलीच. गडागडांवर सप्ताह होतात, दसऱ्याला मेळावे भरतात आणि माणसे पदरमोड करून ऐकायला जातात. गोपीनाथ मुंडे आणि प्रमोद महाजन यांच्यासारखे सभा गाजवणारे वक्ते याच जिल्ह्यात घडले. मात्र अलीकडे इथले शब्द फार विखारी झाले आहेत. जातीवरून मने इतकी दुभंगली की २०२५ मध्ये पोलिसांच्या छातीवरच्या पाट्यांवरून आडनावे काढून फक्त नाव ठेवण्याची पाळी पोलीस अधीक्षकांवर आली. अशा जिल्ह्यात संख्येने अगदी थोड्या असलेल्या ख्रिस्ती माणसाने कसे बोलावे, हा प्रश्न केवळ रविवारच्या उपदेशापुरता उरलेला नाही.

यावर दोन मते कानावर येतात. पहिले असे की, सत्य सांगणाऱ्याने भीड धरू नये. येशूने परूश्यांची सालटी काढली, मग आपण इतरांच्या देवधर्मावर घणाघात केला तर बिघडले कुठे? दुसरे याच्या अगदी उलट: आपण थोडे आहोत, मान खाली घालून राहावे, कोणी काही म्हटले तरी गिळावे, यालाच नम्रता म्हणतात.

दोन्ही मते चूक आहेत, आणि दोन्हींनाही बायबलचा आधार नाही.

पहिल्या मताचा सारा भार मत्तयाच्या २३व्या अध्यायावर असतो. तो अध्याय कडक आहे, यात शंका नाही. पण ती कडक भाषा कोणाला उद्देशून आहे? शास्त्री आणि परूशी हे येशूच्याच समाजाचे, त्याच धर्मग्रंथाचे, त्याच सभास्थानातले. घरच्या पुढाऱ्यांनी गरिबांवर लादलेल्या ओझ्यांबद्दलचा तो संताप होता. रोमी सत्तेची दैवते तेव्हा चोहीकडे होती, पण त्यांची टवाळी करणारा एकही शब्द शुभवर्तमानांत येशूच्या तोंडी नाही. उलट रोमी शताधिपती आपल्या आजारी चाकरासाठी विनवायला आला, तेव्हा एवढा विश्वास इस्राएलातही आढळला नाही, असे कौतुकच त्याच्या वाट्याला आले. ज्यांना २३व्या अध्यायाची भाषा हवी आहे त्यांनी ती आधी आपल्या मंडळीच्या हिशेबाच्या वहीवर, आपल्या पाळकांच्या गटबाजीवर आणि चर्चमध्येही जपल्या जाणाऱ्या जातीवर चालवावी. तिथे मात्र ही मंडळी एकदम मृदू होतात.

महाराष्ट्राने घणाघाताचा प्रयोग एकदा करून पाहिला आहे. मुंबईत मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांच्याशी झालेल्या वादातून मोरभट दांडेकरांचे ‘हिंदुधर्मस्थापना’ १८३१ मध्ये निघाले. विल्सननी त्याचे खंडन छापले, त्यावर साताऱ्याच्या नारायणरावांनी उत्तर दिले, आणि १८३४ मध्ये विल्सननी पुन्हा त्या उत्तराचे खंडन केले. पुढे १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी भर गर्दीत वाद घालत होते. विद्वत्ता दोन्हीकडे होती, आणि या वादांनी मराठी गद्याला धार आली हेही मान्य. पण प्रत्येक खंडनातून पुढचे खंडनच जन्मले.

मराठी घरांत ख्रिस्ताचे नाव आपुलकीने पोहोचले ते नारायण वामन टिळकांच्या अभंगांतून. आपण तुकारामांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत आलो, असे सांगायला त्यांना कमीपणा वाटला नाही. टिळक स्वभावाने शांत होते असे कोणी समजू नये. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला टिळकांचा भडका चांगलाच ठाऊक असतो. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, संसार मोडल्यासारखा झाला. पुढे लक्ष्मीबाई परत आल्या त्या आपले सोवळेओवळे घेऊनच. एवढ्यातेवढ्यावरून भडकणाऱ्या त्या माणसाने या एका बाबतीत जोर केला नाही. लक्ष्मीबाईंची वेगळी चूल आणि वेगळे पाणी चालू दिले. १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो आपल्या मनाने.

आता दुसरे मत. गिळून टाकणे म्हणजे नम्रता, हे म्हणणाऱ्यांनी योहानाचा १८वा अध्याय उघडावा. प्रमुख याजकासमोर चौकशी चालू असताना एक शिपाई येशूला चपराक मारतो. येशू शिवी देत नाही, पण गप्पही राहत नाही. मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर, योग्य बोललो असेन तर मारतोस का, असे तो विचारतो. हात बांधलेला माणूस मारणाऱ्याकडे पुरावा मागतो आहे! प्रेषितांच्या कृत्यांत, २३व्या अध्यायात, पौलावरही असाच प्रसंग येतो. तोंडात मारायचा हुकूम ऐकताच पौल हुकूम देणाऱ्याला चुना फासलेल्या भिंतीची उपमा देऊन मोकळा होतो. तो प्रमुख याजक आहे हे कळल्यावर मात्र शास्त्राचा दाखला देऊन आपला शब्द मागे घेतो आणि बचावाचे भाषण तसेच पुढे चालू ठेवतो. शब्द मागे घेतला, पण मुद्दा सोडला नाही. वाणीच्या संयमाचा याहून स्पष्ट धडा शोधूनही सापडणार नाही.

पंडिता रमाबाईंनी हा धडा गिरवला होता. १८८४च्या सुमारास त्या इंग्लंडमध्ये असताना, त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असा आग्रह हिंदुस्थानातल्या बिशपांनी धरला. नुकताच बाप्तिस्मा झालेली, परमुलखात परक्यांच्या आधाराने राहणारी ही विधवा. तिने पत्रांतून अदबीने उत्तरे दिली आणि आपल्या विवेकबुद्धीवरचा हक्क तसूभरही सोडला नाही.

शिवी न देता खरे सांगण्याचे हे बळ बीडला फार जवळचे आहे. इथले हजारो कोयते, म्हणजे ऊसतोड जोडपी, दरवर्षी मुकादमाकडून आगाऊ उचल घेऊन कारखान्यांच्या फडावर जातात. २०१९ मध्ये जिल्ह्यातल्या ८२,००० हून अधिक ऊसतोड बायांची पाहणी झाली, तेव्हा १३,००० हून अधिक जणींची गर्भाशये काढल्याचे निघाले. खाडा पडला की मुकादम पैसे कापतो, म्हणून पाळीसुद्धा परवडत नाही, हे या बायांनी साध्या शब्दांत सांगितले. कोणाला शिव्या दिल्या नाहीत. काय झाले तेवढे सांगितले, आणि सरकारला खासगी दवाखान्यांतल्या या शस्त्रक्रियांवर नियम घालावे लागले. अशा बाईला सोसत राहा, देव पाहतो आहे, एवढेच सांगणारा उपदेशक नम्रता शिकवत नाही. तो मुकादमाचे काम सोपे करतो.

पेत्राचे पहिले पत्र लिहिले गेले ते विखुरलेल्या, संशयाने पाहिल्या जाणाऱ्या थोड्या लोकांसाठी. आपल्या आशेबद्दल कोणी विचारले तर उत्तर द्यायला तयार असा, पण ते सौम्यतेने आणि आदराने द्या, असे त्यात सांगितले आहे. उत्तर देणे आणि आदर राखणे ही दोन्ही कामे एकाच वाक्यात आहेत. त्यातले सोयीचे अर्धे उचलण्याची मुभा कोणालाच नाही.

तेव्हा बीडमधल्या ख्रिस्ती बंधुभगिनींना कळकळीची विनंती आहे. शेजाऱ्याच्या देवाची निंदा करणारा एखादा मजकूर किंवा व्हिडिओ आपल्या मोबाइलवरून पुढे गेला असेल, तर तो आजच काढून टाका आणि त्या शेजाऱ्याच्या दारी जाऊन माफी मागा. आणि फडावरून परतलेल्या एखाद्या बाईला मुकादमाविरुद्ध तक्रार द्यायची असेल, तर तिच्यासोबत ठाण्यात जा आणि साक्षीदार म्हणून आपले नाव द्या.