जुजबी ओळखीला कागद हवा

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी नोकरी शोधू लागला की त्याला दोन सल्ले हमखास मिळतात. प्लेसमेंट सेल सांगतो, रेझ्युमे चांगला कर. घरचे सांगतात, कुणाची ओळख निघते का बघ. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असे मात्र कुणी सुचवत नाही. सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत त्या वेगळ्या काढताच येत नाहीत, असे माझे म्हणणे आहे. इथे कामाला येते ती काका-मामांची घट्ट ओळख नव्हे, तर जुजबी ओळख. आणि तसा जुजबी ओळखीचा माणूस आपले नाव बिनधास्त पुढे करू शकेल असा कागद त्याच्या हाती देणे, ही अर्जाची खरी तयारी.

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बोस्टनजवळच्या न्यूटन शहरात, ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना विचारले होते, की ज्याच्याकडून नोकरीचे कळले तो तुम्हाला त्या काळात कितपत भेटत असे? १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात उत्तर आले: नेहमी भेटणारे १६.७ टक्के, अधूनमधून भेटणारे ५५.६ आणि क्वचितच भेटणारे २७.८ टक्के. जवळच्या माणसांना बहुधा आपल्याला आधीच ठाऊक असलेल्या जागा ठाऊक असतात. नवी खबर येते ती दुसऱ्या वर्तुळातून. हा नमुना ५४ जणांचाच होता, म्हणून शंका घेता येईल. पण २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लिंक्डइनवरच्या दोन कोटी लोकांवरील प्रयोगांचे निष्कर्ष आले. तिथेही नोकरी बदलायला सर्वाधिक मदत मध्यम-सैल ओळखींची झाली. शिवाय ज्या उद्योगांत डिजिटल काम जास्त, तिथे सैल ओळखी अधिक उपयोगी पडल्या. इतरत्र घट्ट नाती वरचढ ठरली. म्हणजे हिंजवडीत किंवा खराडीत नोकरी हवी असेल तर कॉलेजमधून तीन वर्षे आधी बाहेर पडलेला, कधीतरी एकदा बोललेला सीनियर हा सख्ख्या मामापेक्षा मोलाचा असू शकतो.

मात्र या सीनियरची अडचण समजून घेतली पाहिजे. रेफरल लागला तर अनेक कंपन्या त्याला बोनस देतात, पण पोर्टलवर आपले नाव टाकताना तो स्वतःची पतही पणाला लावतो. आपण कष्टाळू आहोत की नाही, हे त्याला माहीत नाही आणि माहीत असण्याचे कारणही नाही. त्यामुळे ‘हार्डवर्किंग’, ‘टीम प्लेअर’ वगैरे विशेषणे त्याच्या दृष्टीने निरुपयोगी. करिअर ऑब्जेक्टिव्ह, वडिलांचे नाव, खाली ‘वरील माहिती सत्य आहे’ असे प्रतिज्ञापत्र आणि निम्म्या वर्गाने केलेली तीच लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम, एवढ्यावर तो काय बोलणार? त्याऐवजी, हजेरीचा अहवाल तयार व्हायला चार मिनिटे लागत होती, इंडेक्स घातल्यावर काही सेकंद लागू लागले, असे एक वाक्य आणि कोड खरोखर चालवून पाहता येईल अशी गिटहबची लिंक असेल, तर तो दहा मिनिटांत स्वतः खातरजमा करू शकतो. ‘सर, काही ओपनिंग असेल तर सांगा’ या निरोपाला उत्तर येत नाही, यात उर्मटपणा नसतो. शोधण्याचे सगळे काम आपण समोरच्यावर टाकलेले असते. जागेचा क्रमांक, तिला जुळणारे आपले एक काम आणि लिंक, एवढे पुरते.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप असा, की ओळखींवर चालणारी भरती मुळात अन्यायाची आहे. ज्यांच्या घरात, जातीत, गल्लीत आधीच इंजिनीअर आहेत त्यांच्या ओळखी आपोआप होतात. गावाकडच्या, घरातल्या पहिल्या पदवीधर मुलीने काय करायचे? आक्षेप खरा आहे. पण मग ओळख टाळून सरळ अर्ज केला तर न्याय मिळतो का? सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, फक्त नावे वेगळी असलेले अर्ज पाठवून पाहिले. दलित आणि मुस्लिम नावांना होकारार्थी उत्तर येण्याची शक्यता सवर्ण हिंदू नावांपेक्षा कमी निघाली. २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त हे प्रसिद्ध झाले आहे. नुसता अर्जसुद्धा तटस्थ नजरेने वाचला जात नाही, तेव्हा ओळखींपासून दूर राहिल्याने वंचितांचेच नुकसान अधिक. सैल ओळखीत निदान एक सोय आहे, ती जन्माने मिळावी लागत नाही. ओपन सोर्स प्रकल्पातली एखादी चूक दुरुस्त करून पाठवली, तर ती तपासणाऱ्याशी ओळख होते आणि केलेले काम सर्वांना दिसत राहते. अर्थात त्यासाठी लागणारे इंग्रजी, लॅपटॉप आणि रिकामा वेळ सगळ्यांकडे सारखा नसतो, म्हणून हा भार एकट्या विद्यार्थ्यावर टाकणे मला मान्य नाही.

तो कॉलेजांनी उचलायला हवा, आणि त्यांच्याकडे त्याचे साधन आहे. नॅकच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला गुण असतात. त्यासाठी संघटना नोंदवली जाते, मेळावा होतो, फोटो फाइलला लागतात. त्याच माजी विद्यार्थ्यांची संमती घेऊन कोण कुठे, कोणते काम करतो याची यादी दुसऱ्या वर्षापासूनच मुलांना खुली करावी आणि वर्षातून दोनदा त्यांच्याकडून मुलांचे प्रकल्प तपासून घ्यावेत. रेझ्युमेवरच्या एक दिवसाच्या कार्यशाळेसाठी बाहेरून वक्ता बोलावण्यापेक्षा याला खर्च कमी येईल.