रील बघण्यापेक्षा मिनिटभराचा व्हिडिओ करू द्या



"पोरगं मोबाईल सोडत नाही, सर" ही तक्रार आता प्रत्येक पालकसभेत ऐकू येते. त्यावर आपण दोनच उपाय सांगतो. एक, मोबाईल काढून घ्या. दोन, शैक्षणिक व्हिडिओ दाखवा. पहिला उपाय चार दिवसही टिकत नाही, कारण मोबाईल घरात असतोच. दुसऱ्या उपायात मूल पुन्हा बघतच बसतं. म्हणून मी तिसरा उपाय सुचवतो. मुलांना छोटा व्हिडिओ स्वतः करू द्या, आणि केलेला व्हिडिओ इंटरनेटवर टाकू नका. यातला दुसरा भाग मला पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो.

बघण्यातली मजा खरी आहे

छोटे व्हिडिओ मुलांना आवडतात, आपल्यालाही आवडतात. मधल्या सुट्टीत आपणही दोन-चार बघतोच की! २९ जून २०२० ला सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. म्हणून सवय गेली का? नाही. त्याच वर्षी रील्स आणि शॉर्ट्स आले आणि सगळे तिकडे वळले. नुसत्या बंदीने भागत नाही, हे तेव्हाच कळलं.

त्यापेक्षा मुलांसोबत बसून एखादा चांगला व्हिडिओ बघा आणि विचारा : "कॅमेरा कुठं ठेवला असेल? मधे कुठं कापलं असेल? हा आवाज नंतर घातलाय का?" असे प्रश्न पडायला लागले की मूल नुसतं बघत नाही, तपासायला लागतं. आणि स्वतः एकदा करून बघितलं की हे प्रश्न आपोआप पडतात.

फाळक्यांचा वाटाणा

दादासाहेब फाळके म्हटलं की आपल्याला १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' आठवतो. पण त्याच्या आधी, १९१२ साली, त्यांनी एक अगदी छोटी फिल्म केली होती. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि रोज थोडं थोडं चित्रण केलं. कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर मिनिटभरात दिसली. सिनेमासाठी पैसे उभे करायचे होते, तर ही फिल्म त्यांनी लोकांना दाखवली.

विचार करा, भारतीय सिनेमाच्या सुरुवातीला आपल्या पाचवीच्या परिसर अभ्यासात बसेल असा एक व्हिडिओ आहे! त्या कॅमेऱ्यासाठी फाळक्यांना विलायतेला जावं लागलं. आपल्याकडे तो प्रत्येक घरात आहे. वाटाणा नसेल तर मटकी घ्या, हरभरा घ्या. खिडकीपाशी खडूने खूण करा, रोज त्याच वेळी, त्याच जागेवरून एक फोटो. पंधरा दिवसांचे फोटो एकापुढे एक लावले की कोंब हलताना दिसतो. आणि पंधरा दिवस रोज आठवणीने एक काम करणं हा तर वेगळाच धडा.

एका मिनिटात किती अभ्यास?

आपल्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी यांना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. पुस्तकातल्या क्यूआर कोडमुळे धडा मुलांच्या हातात कसा पोचतो, हे त्यांनी जगाला दाखवलं. आता पुढची पायरी आपली. मुलांनी केलेलं दुसऱ्या मुलांपर्यंत पोचू द्या.

मिनिटभर बोलायला साधारण शंभर शब्द लागतात. ते शंभर शब्द मुलाला आधी लिहावे लागतात, मग खोडावे लागतात, मग मोठ्याने वाचावे लागतात. निबंधाला "दहा ओळी लिहा" म्हटलं की कुरकुरणारं मूल व्हिडिओसाठी तीनदा लिहितं. स्वतःचा आवाज ऐकून स्वतःच म्हणतं, "सर, परत घेऊ, घाई झाली." ही दुरुस्ती लाल पेनाने होत नाही.

विषयही शोधायला लांब जायला नको. आजी भाकरी थापते तो एक मिनिट. करकंबच्या बाजारात भाजीचा हिशोब तोंडी कसा होतो. उसाला पाणी देताना दारं कशी धरतात. आषाढीला पंढरपूरकडे निघालेल्या पालख्या आपल्या गावातून जातात, तेव्हा एखाद्या वारकरी आजोबांना विचारलेले तीन प्रश्न. आणि मूल घरच्या बोलीत बोललं तर बोलू द्या. 'पानी' म्हणालं म्हणून शूटिंग थांबवू नका.

मग टाकायचा का नाही?

इथे काही शिक्षकमित्रांना माझं म्हणणं पटणार नाही. शाळेचे व्हिडिओ टाकले की पट वाढतो, लोकवर्गणी मिळते, असं ते म्हणतात. त्यात तथ्य आहे. पण मूल पहिलीत असताना टाकलेला, रडण्याचा किंवा चुकण्याचा व्हिडिओ ते दहावीत गेलं तरी फिरत राहतो. त्याला कुणी विचारलेलं नसतं. इन्स्टाग्रामवर खातं काढायलाच तेरा वर्षं पूर्ण लागतात. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठराच्या आतलं प्रत्येक जण मूल आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती मागितली आहे. कायदा राहू द्या बाजूला, पण मुलाला लाईक मोजायची सवय लागली की ते स्वतःला आवडेल असं करणं सोडून देतं आणि जे चालतंय त्याचीच नक्कल करतं. मग मोठ्यांच्या गाण्यांवर नाचणारी तिसरीतली पोरं दिसली तर दोष कुणाचा?

शाळेची ओळख करून द्यायचीच असेल तर हात दाखवा, चित्रं दाखवा, उगवलेला हरभरा दाखवा. चेहरा आणि नाव नको. बाकी प्रेक्षक वर्गात आहेत, पालकसभेत आहेत, घरी आजी आहे. एवढे पुरेत.

सुरुवात अशी करा

१. पाच मुलांचा गट, एक मोबाईल. ज्याच्या घरी मोबाईल नाही त्यालाच आधी कॅमेरा द्या.
२. आधी कागदावर पाच चौकटी काढून काय दिसणार ते रेखाटा.
३. ज्याचं शूटिंग घ्यायचं त्याला आधी विचारा. तो नको म्हणाला तर नको.
४. लांबी एक मिनिट. जास्त झालं तर काय कापायचं ते गटाने ठरवावं.
५. वर्गात दाखवा. बघणाऱ्यांनी एक आवडलेली गोष्ट आणि एक प्रश्न सांगावा. नंबर काढू नका.

पालकांनो, तुमच्याकडून फक्त रविवारचा अर्धा तास हवा. मोबाईल मुलाच्या हातात द्या, तुम्ही शेजारी बसा आणि म्हणा, "आज तू काय दाखवणार?" उत्तर यायला वेळ लागेल. तोवर थांबा, मोबाईल परत घेऊ नका.