व्यायाम सोपा वाटू लागल्यावर

"खुर्चीतून दहा वेळा उठणे-बसणे आता काहीच वाटत नाही," असे आपल्यापैकी कोणी सांगितले की आनंद होतो. मात्र याचा अर्थ स्नायूंना त्या श्रमाची सवय झाली आहे. आणि सवयीच्या श्रमाने बळ फार तर टिकते, वाढत नाही. उतारवयात मांड्यांचे बळ हा मिरवण्याचा विषय नव्हे. शौचास बसल्यावर कोणाला हाक न मारता उठता येणे त्यावरच अवलंबून असते.

म्हणून व्यायाम थोडा अवघड करावा, पण एका वेळी एकच बदल. जिममधील तरुणांचे पाहून वजन एकदम दुप्पट करू नये. आधी हातांचा आधार सोडावा. ते जमले की मनात चार अंक मोजत सावकाश खाली बसावे. हे दिसते त्याहून कठीण आहे. पुढे थोडी बुटकी खुर्ची घ्यावी किंवा पाण्याची भरलेली बाटली छातीशी धरावी. प्रत्येक बदलावर दोनेक आठवडे थांबावे.

शेवटच्या दोन-तीन वेळा कष्ट पडावेत, पण श्वास रोखावा लागू नये. नाडीवरून अंदाज बांधू नये. बीटा-ब्लॉकर गोळ्या घेणाऱ्यांची नाडी श्रमानेही फारशी वाढत नाही. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या तर चिंता नको. सांधा सुजल्यास मागच्या पायरीवर यावे. छातीत दडपण आल्यास तेथेच थांबून तातडीने डॉक्टर गाठावा.

सोबत करणाऱ्यांनी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी, जवळ उभे राहावे, आणि हात देण्याची घाई करू नये.