काटेरी तारेमागचा इतिहास

सोलापुरात रिक्षात बसून ‘सेटलमेंट’ एवढा एक शब्द उच्चारला की पुढचा पत्ता सांगावा लागत नाही. इंग्रज सरकारच्या दप्तरातील हा शब्द शहराच्या बोलीत इतका रुळला आहे की तो परका आहे, हेही कुणाच्या ध्यानात येत नाही. मात्र त्याच शहरातील दहावीच्या विद्यार्थ्याला ‘हे सेटलमेंट कुणाचे आणि कशासाठी होते?’ असे विचारले, तर बहुधा उत्तर मिळत नाही. नाव उरले, अर्थ हरपला, अशी ही स्थिती आहे.

याच शहराचा १९३० चा इतिहास मात्र शाळकरी मुलांना पाठ असतो. त्या वर्षीच्या मे महिन्यात सोलापूरकरांनी इंग्रजी सत्तेला हादरवले, शहरावर मार्शल लॉ लादला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन हे चौघे येरवड्यात फासावर गेले. पाठ्यपुस्तकात हा प्रसंग आहे आणि तो असायलाच हवा. परंतु ज्या दिवसांत सोलापूर ‘वंदे मातरम्’च्या घोषाने दुमदुमत होते, त्याच दिवसांत याच शहराच्या कडेला हजारो हिंदू स्त्री-पुरुष-मुले काटेरी तारेच्या कुंपणात डांबलेली होती. त्यांच्यावर खटला चालला नव्हता, शिक्षाही फर्मावली गेली नव्हती. विशिष्ट जातीत जन्म घेणे, हाच त्यांचा अपराध. त्यांची कथा पुस्तकात येते ती दुर्बल घटकांच्या यादीत, ओघात, चार ओळींपुरती.

जन्माने गुन्हेगार

१८५७ च्या स्वातंत्र्यसमरानंतर इंग्रजांना भटक्या आणि लढवय्या जमातींचे भय वाटू लागले. ते अकारण नव्हते. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी फाशी गेलेले उमाजी नाईक रामोशी होते. १८५७ मध्ये नि:शस्त्रीकरणाचा हुकूम झुगारणारे हलगलीचे वीर बेरड होते आणि सोलापूरपासून फार दूर नसलेल्या सुरपूरच्या बेरड राजानेही इंग्रजांशी झुंज दिली होती. दुसरीकडे रेल्वे आली आणि बैलांच्या तांड्यावर धान्य व मीठ वाहणाऱ्या बंजाऱ्यांचा शतकानुशतकांचा व्यवसाय बुडाला. जंगलांवर सरकारी मालकी आली आणि पारध्यांची शिकार चोरी ठरली. आधी पोटावर पाय द्यायचा आणि मग भुकेल्या माणसाला चोर म्हणायचे, असा हा न्याय होता.

१८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा हे त्याचेच फळ. उत्तर हिंदुस्थानात प्रथम लागू झालेला हा कायदा १९११ च्या सुधारणेनंतर मुंबई इलाख्यातही अमलात आला. सरकारने एकदा एखाद्या जमातीला ‘गुन्हेगार’ म्हणून जाहीर केले की त्या निर्णयाविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याची सोय नव्हती. प्रत्येकाची नोंद, बोटांचे ठसे, ठरल्या वेळी हजेरी, बाहेर पडायचे तर पास. १८९७ च्या दुरुस्तीने तर चार वर्षांपासूनच्या मुलांना आईबापांपासून तोडून सुधारगृहात ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला. एका पिढीचे कलंकित आयुष्य पुढच्या पिढीच्या पाळण्यापर्यंत पोचवण्याची ही व्यवस्था होती.

सोलापूरची वसाहत ही मुंबई इलाख्यातील मोठ्या वसाहतींपैकी एक. विजापूर, हुबळी, गदग येथेही अशा वसाहती होत्या. कैकाडी, पारधी, टकारी, भामटा, कंजारभाट, मांग-गारुडी अशा अनेक समाजांची कुटुंबे येथे आणली गेली. सोलापूरचीच निवड का व्हावी? कारण येथे कापडगिरण्या होत्या. १८७७ मध्ये उभ्या राहिलेल्या ‘जुन्या गिरणी’पाठोपाठ शहरात गिरण्या वाढल्या आणि त्यांना हात हवे होते. जे संप सोडून गावी जाऊ शकत नाहीत, ज्यांची हजेरी पोलीस घेतात, असे मजूर कुठल्या मालकाला नको असतील? दंडुका सरकारचा, घाम भटक्यांचा आणि नफा तिसऱ्याचाच!

सरकारी अहवालांत मात्र यास ‘सुधारणा’ म्हटले गेले. भटक्यांना स्थिर केले, कामाची सवय लावली, कौशल्य शिकवले, अशी त्या अहवालांची भाषा. देशाच्या अनेक भागांत या वसाहती साल्व्हेशन आर्मीसारख्या ख्रिस्ती संस्थांच्या स्वाधीन करण्यात आल्या. कुंपणात कोंडलेल्या, दाद मागण्याचा हक्क नसलेल्या माणसासमोर धर्मोपदेशक उभा करणे, याला सेवा म्हणायचे की आणखी काही, हे सुज्ञांना सांगणे नलगे.

अमेरिकेच्या वर्गात

ही ‘सुधारणे’ची भाषा केवळ इंग्रजांची नव्हे. अमेरिकेत १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली. परंतु त्याच दुरुस्तीत ‘गुन्ह्याची शिक्षा म्हणून’ सक्तीच्या श्रमाला वाट ठेवली गेली. दक्षिणेच्या राज्यांनी लगोलग भटकेपणाला गुन्हा ठरवणारे कायदे केले, कृष्णवर्णीयांना पकडले आणि कैदी म्हणून खाणी-मळ्यांना भाड्याने दिले. भटकणे हाच गुन्हा, ही कल्पना अटलांटिकच्या पलीकडे आणि हिंदुस्थानात एकाच काळात राबत होती.

हा इतिहास आपल्या मुलांना कसा सांगावा, याचा निर्णय अमेरिकेला दीडशे वर्षांनंतरही करता आलेला नाही. गृहयुद्धात हरलेल्या दक्षिणेतील संघटनांनी विसाव्या शतकाच्या आरंभी पाठ्यपुस्तकांवर पहारा बसवला आणि गुलाम सुखी होते, युद्ध गुलामगिरीसाठी नव्हतेच, असे पिढ्यान् पिढ्या शिकवले. त्याचे पीक अजून निघते आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत बारावीच्या शंभरांपैकी केवळ आठ विद्यार्थ्यांना गृहयुद्धाचे मुख्य कारण गुलामगिरी होते, हे सांगता आले. २०१५ मध्ये टेक्ससमधील भूगोलाच्या एका पुस्तकात आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांना चक्क ‘कामगार’ म्हटल्याचे उघड झाले आणि प्रकाशकाला मजकूर बदलावा लागला. २०२३ मध्ये फ्लोरिडा राज्याच्या अभ्यासक्रमात, गुलामांनी आत्मसात केलेली कौशल्ये काही प्रसंगी त्यांच्या स्वत:च्या फायद्याची ठरली, असा मुद्दा आला. सोलापूरच्या वसाहतीवरील सरकारी भाषेशी याचे किती जवळचे नाते आहे!

दुसऱ्या टोकालाही तेथे कमी अतिरेक नाही. २०१९ मध्ये एका मोठ्या वृत्तपत्राने १६१९ हे गुलामांच्या आगमनाचे वर्षच अमेरिकेचा खरा जन्म मानावा, असा प्रकल्प मांडला. त्यातील काही विधानांवर मान्यवर इतिहासकारांनीच आक्षेप घेतले. उत्तरादाखल २०२० मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी ‘१७७६ आयोग’ जाहीर केला. जानेवारी २०२१ मध्ये बायडेन यांनी अधिकारपदावर येताच तो बरखास्त केला. सरकार बदलले की भूतकाळ बदलतो! एक पक्ष पाप झाकतो, दुसरा पापालाच राष्ट्र म्हणतो. या ओढाताणीत वर्गात बसलेले मूल, गोरे असो वा काळे, सत्याला पारखे होते.

मापदंड एकच हवा

अमेरिकेतील या वादाचा हिंदू समाजाशीही थेट संबंध आला आहे. २००५-०६ मध्ये कॅलिफोर्नियातील सहावीच्या पुस्तकांत हिंदू धर्माचे चित्रण विकृत आहे, अशी तेथील हिंदू पालकांची तक्रार होती. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. वर्गात आपल्या मुलाला आपल्या धर्माची, आपल्या आईबापांची लाज वाटू नये, ही त्या पालकांची मागणी रास्तच होती.

परंतु न्याय मागणाऱ्याने तोच मापदंड घरीही लावला पाहिजे. कॅलिफोर्नियातील हिंदू मुलाच्या स्वाभिमानाची जी चिंता, तीच सोलापूरच्या सेटलमेंटमधील पारध्याच्या मुलाची हवी. गावात चोरी झाली की पहिला संशय याच्या पालावर. वर्गात पेन हरवले की पहिली नजर याच्या दप्तराकडे. ही नजर कुठून आली? कायदा इंग्रजांचा होता, हे खरे. तो देशाच्या पातळीवर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर पाच वर्षे सोळा दिवसांनी. मात्र त्यानंतरच्या संशयाचे खापर इंग्रजांच्या माथी फोडता येणार नाही. तार उखडली गेली, पण ती समाजाच्या मनात रोवलेली राहिली. मेकॉलेला बोल लावताना हा आपला वाटा विसरणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केले. महाराष्ट्राने दूरदेशीच्या दास्यमुक्तीशी नाते जोडले, त्याच्या दोनच वर्षे आधी आपल्याच बांधवांसाठी दास्याचा नवा कायदा जन्मला होता. पुढे बाळासाहेब देवरसांनी १९७४ च्या पुण्यातील वसंत व्याख्यानमालेत सामाजिक विषमतेचे समर्थन कोणत्याही आधारावर होऊ शकत नाही, असे नि:संदिग्धपणे मांडले. हिंदू संघटनेच्या कार्याला समरसतेवाचून पूर्णता नाही, हे सूत्र तेव्हापासून कार्यकर्त्यांच्या आचरणात उतरत गेले. तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडी येथे गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी उभा राहिलेला प्रकल्प हे त्याचे मूर्त रूप. गिरीश प्रभुणे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी पालोपाली हिंडून, पोलिसांचा ससेमिरा सोसणाऱ्या कुटुंबांचा विश्वास मिळवून हे काम उभे केले. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. भिकू रामजी इदाते यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने देशभरातील विमुक्तांची स्थिती केंद्र सरकारसमोर मांडली. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील जातिनिहाय कामवाटप घटनाबाह्य ठरवले आणि विमुक्तांना मनमानी अटक होऊ नये, असे पोलिसांना बजावले. स्वातंत्र्याच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी न्यायालयाला हे सांगावे लागते, याचा अर्थ कायद्याने संपलेले दास्य व्यवहारातून गेलेले नाही.

काय शिकवावे?

सेटलमेंटचा इतिहास पुस्तकात आणला तर समाजात फूट पडेल, अशी शंका काही सज्जन व्यक्त करतात. जखम उघडी केली की दुखते, हे खरेच. पण आत सल ठेवून वरून शिवलेली जखम चिघळते. समाजाला वर्गसंघर्षाच्या चौकटीत बसवू पाहणारे लोक हा इतिहास मुलांच्या हाती देतीलच, आणि देताना ‘हे तुमचे शत्रू’ असे बोट दाखवतील. जो इतिहास आपण आपुलकीने सांगत नाही, तो दुसरा कुणी द्वेषाने सांगतो. अमेरिकेचा धडा नेमका हाच आहे.

म्हणून पुस्तकात सत्य संपूर्ण यावे. उमाजी नाईकांचे शौर्य यावे आणि त्यांच्याच समाजावर नंतर मारलेला गुन्हेगारीचा शिक्काही यावा. बंजाऱ्यांच्या तांड्यांनी देशाचे दळणवळण चालवले, हे यावे. १८७१ चा कायदा त्याच्या कलमांसह यावा. ‘उपरा’ आणि ‘उचल्या’ या आत्मकथनांना साहित्य अकादमीने गौरवले. ती शाळांच्या ग्रंथालयांत असावीत आणि ती वाचताना उरलेल्या समाजाने मान खाली घालण्याचे धैर्य दाखवावे. सोलापूरच्या शाळांनी १२ जानेवारीला चार हुतात्म्यांना वंदन करतात तसे ३१ ऑगस्टला विद्यार्थ्यांना सेटलमेंटमध्ये न्यावे. त्यासाठी सरकारी आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. एक शिक्षक आणि एक सायंकाळ पुरेशी आहे. तेथील वृद्धांनी आपल्या आईबापांकडून ऐकलेल्या हजेरीच्या आठवणी सांगाव्यात आणि शहरातील मुलांनी त्या मांडी घालून ऐकाव्यात.

हजेरीचा भोंगा ऐकलेली पिढी आता जवळजवळ संपली आहे. तिच्यासोबत स्मृतीही संपली, तर सेटलमेंट हे केवळ रिक्षाच्या थांब्याचे नाव उरेल. ज्यांना आपण बांधव म्हणतो, त्यांचे दु:ख आपल्या मुलांना ठाऊक नसेल, तर त्या बंधुत्वाला अर्थ तो काय?